जेटी-सातची खुर्ची

ग्वाल्हेरच्या नया बाजारातून वीस किलोमीटरवर जाऊन दोन रात्री राहण्याला सुट्टी म्हणावं की नाही, यावर मोघ्यांच्या जिन्यात आठवडाभर विचारविनिमय चालला होता. खालच्या मजल्यावरच्या शांताताईंचं मत स्पष्ट होतं. जिथे घरून पाठवलेला डबा गरम पोचतो, ती सुट्टी नव्हे. त्यांचे यजमान शिवाजीराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सुट्टीला विरोध नव्हता, पण जागेची आधी पाहणी झालेली नाही हे त्यांना सहन होत नव्हतं. शेवटी ते स्वतःच स्कूटरवर तिघरा धरणाच्या रस्त्याने जाऊन आले आणि हंसताल रिझॉर्टचा हाताने काढलेला नकाशा त्यांनी वरच्या मजल्यावरच्या प्रांजलीला आणून दिला. त्यात तलाव होता, चारही रेस्टॉरंटं होती, बाहेर पडायच्या वाटा होत्या, आणि एका कोपऱ्यात 'डास : मध्यम' अशी नोंद होती.

तिचा नवरा अभिराम नकाशा पाहून हसला. प्रांजली हसली नाही. तिने घडी घालून तो पर्समध्ये ठेवला, दोन थर्मामीटरांच्या मधोमध. एक बिघडला तर असावा म्हणून दुसरा घेतला होता, आणि दोघांनी वेगवेगळे आकडे दाखवले तर कोणाचं खरं मानायचं या विवंचनेत ती तिसऱ्यापर्यंत पोचली होती. पण तेवढ्यात गाडी आली.

हे सगळं कशासाठी, ते तिने कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते मोठं कारणही नव्हतं. तिचा मुलगा ध्रुव आता दोन वर्षं सात महिन्यांचा होता, आणि या दोन वर्षं सात महिन्यांत प्रांजलीने एकही जेवण गरम, बसून आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत केलेलं नव्हतं. तिचं जेवण हप्त्याहप्त्याने होई. एक घास ओट्याशी, एक बाथरूमच्या दाराशी, एक फोन खांद्यात धरून. पोळी कडक झालेली, वरणावर साय धरलेली. एकदा अभिरामने मोठ्या प्रेमाने तिचं ताट मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठेवलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच सापडलं.

अशात तिने रिझॉर्टची ती जाहिरात वाचली. चार कोर्स, चार रेस्टॉरंट, एक शाम. सूप तलावाच्या जेटीवर, स्टार्टर आंब्यांच्या झाडांखाली, जेवण दिवाणखान्यात आणि गोड गच्चीवर. त्या आठवड्यात कुकरची वाफ निघाली की तिला जेटी दिसे. पाण्यावर उतरलेली संध्याकाळ, हातात वाटी, वाटीतून वर जाणारी वाफ, आणि ती वाफ जाईपर्यंत थांबायची काही गरज नाही. मग कोणीतरी अदबीने म्हणावं, चला, पुढचं तिकडे आहे. आणि तिने शाल सावरत, कोणाच्याही मागे न धावता, दिव्यांच्या वाटेने चालत जावं. शिट्टी झाली की जेटी नाहीशी होई.

अप्पा आणि आई, म्हणजे सासू-सासरे, बरोबर येणार हे उघडच होतं, कारण अप्पांशिवाय ध्रुव जेवत नसे. यात अतिशयोक्ती नाही. कंपू भागातल्या डॉक्टरांनी वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवून मान हलवली तेव्हापासून प्रांजलीने चिऊ-काऊ, मोबाईल, गॅलरीतून दिसणारं माकड असे सगळे उपाय करून पाहिले होते. ध्रुवला फक्त एक माणूस मान्य होता. अप्पांच्या शेजारी पाट, अप्पांसारखी मांडी, आणि अप्पा करतील ते सगळं.

अप्पा, म्हणजे भालचंद्र मोघे, वय त्र्याहत्तर. पूर्वज संस्थानात पुराणिक. त्या घराण्याचे जेवणाचे नियम एके काळी ग्वाल्हेरच्या गल्ल्यांइतके असतील, पण अप्पा काळाबरोबर चालणारे होते. त्यांनी सोवळं सोडलं, कांदा-लसूण सोडायचं सोडलं, टेबल-खुर्ची स्वीकारली, हॉटेलचंही चालवून घेतलं. अगदी थोडं शिल्लक ठेवलं. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या बाजूला भाताची चार चिमुकली शितं ठेवायची, तळहातावरचं पाणी पिऊन आपोशन घ्यायचं, आणि मग शेवटपर्यंत मौन. मौनात ते हुंकाराने बोलत. आखूड हुंकार म्हणजे वाढा, लांब म्हणजे नको, दोन आखूड म्हणजे मीठ कमी आहे. शेवट वर गेला की 'हे काय आहे?' पन्नास वर्षं हे ऐकून वनमालाबाई, म्हणजे आई, त्या भाषेत तरबेज झाल्या होत्या. ध्रुवला ती मराठीच्या आधी आली होती.

नोव्हेंबरची संध्याकाळ होती. अंगाला नुसती कळेल एवढी थंडी. जेटीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि खालून पाण्याचा लाकडाला थापटल्यासारखा आवाज येत होता. पलीकडच्या काठावर दोन बगळे इतके निश्चल उभे होते की तेही रिझॉर्टवाल्यांनीच लावले असावेत असं वाटावं. सौरव नावाचा काळ्या जाकिटातला व्यवस्थापक आला आणि त्याने प्रत्येकाला एक कार्ड दिलं. कार्डावर चार चौकोन. प्रत्येक ठिकाणी जेवण झालं की एक शिक्का. सूप सव्वासहापर्यंत, स्टार्टर सातपर्यंत, जेवण आठपर्यंत, गोड पावणेनऊपर्यंत. वेळ टळली की तो चौकोन रिकामा. प्रांजलीला कार्ड फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या जेवणाची कोणीतरी नोंद ठेवणार होतं.

सूप आलं. टोमॅटोचं, वर सायीचं एक वळण. आणि वाफ. अगदी तशीच वाफ.

तिने चमचा उचलला, इतक्यात अप्पांनी वर जाणारा हुंकार दिला. ते वाटीच्या उजवीकडे बोट दाखवत होते.

"शितं," आई म्हणाल्या. "सूपला भात कुठला गं?"

अशा वेळी दुसरी सून गोंधळली असती. प्रांजलीने चमचा ठेवला, खुर्चीखालची पिशवी ओढली, ध्रुवचा मऊ भाताचा डबा काढला आणि चिमूटभर भात अप्पांच्या हातावर ठेवला. थोडा ध्रुवच्याही. आपल्या तयारीचं तिला मनातून कौतुक वाटलं. अप्पांनी सूपच्या वाटीभोवती पाणी फिरवलं, शितं मांडली, आपोशन घेतलं. ध्रुवनेही घेतलं, निम्मं सदऱ्यावर. दोघे सूप प्यायले. ध्रुवने पूर्ण वाटी संपवली. प्रांजली चमचा हातात धरून ते पाहत राहिली. सूप पिणाऱ्या मुलाकडे पाहताना सूप पिता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी सौरव म्हणाला, चलिए, आगे का सफ़र. अभिराम उठला. आई उठल्या. अप्पा उठले नाहीत.

अभिरामने त्यांना हात दिला. अप्पांनी लांब हुंकार दिला. ध्रुवनेही दिला.

"ते नाही उठायचे," आई शांतपणे परत बसत म्हणाल्या. "आपोशन घेतलंय ना. आता उठले की जेवण संपलं, मग उद्यापर्यंत पाणी तेवढं."

घरी हा नियम कधी कोणाला दिसलाच नव्हता, कारण घरी जेवताना उठायचं काम प्रांजलीचंच होतं. अप्पांना हे आधी सांगितलं होतं की नाही, याची तिथल्या तिथे चौकशी झाली. अभिरामच्या म्हणण्याप्रमाणे त्याने 'चार रेस्टॉरंटं आहेत' असं अगदी साफ सांगितलं होतं. आईंना वाटलं होतं की चार स्वयंपाकघरांतून पदार्थ येणार. अप्पांना काय वाटलं होतं ते मौनामुळे नोंदवता आलं नाही. आणि ज्या शितांनी हे आपोशन पक्कं झालं होतं ती कोणी पुरवली, हा विषय प्रांजलीने निघू दिला नाही.

अप्पा वाटीभर सूपवर रात्र काढू शकले असते. चतुर्थ्या करून त्यांना सवय होती. प्रश्न त्यांचा नव्हता. ध्रुवने वाटी पुढे सरकवली होती आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. "आप्पा झालं, मी झालं," तो म्हणाला. प्रांजलीला कंपूच्या डॉक्टरांचं बोट दिसलं, तक्त्यावर खालच्या रेघेशी टेकलेलं.

सौरव मदतीला तत्पर होता. पुढचं सगळं इथेच आणता येईल का, असं तिने विचारताच तो म्हणाला की आणायला काहीच हरकत नाही, पण आमराईतल्या पनीरची पर्ची जेटीच्या मशीनमधून निघत नाही, आणि शिवाय सव्वासहानंतर जेटी एका जोडप्याला गुलाबांसकट देऊन ठेवलेली आहे. मग बॅटरीची गाडी आहे. पण गाडीत बसायचं तर खुर्चीतून उठायला हवं. व्हीलचेअर आहे. पण तिच्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि तिच्यात बसायलाही खुर्चीतून उठायलाच हवं. व्हीलचेअर हा शब्द ऐकून अप्पांनी असा हुंकार दिला की तो भाषांतरायला आईंनी नकार दिला.

प्रांजलीने पाण्याकडे पाहिलं. एक नाव, वल्ही वर घेतलेली, आपली आपण काठाकडे येत होती. नावेतला माणूस नुसता बसला होता. तो हलत नव्हता, तरी पुढे सरकत होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या वाटीवरची वाफ केव्हा गेली हे तिच्या लक्षात आलं नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "अप्पा उठले नाहीत, पण खुर्चीच उचलली तर?"

आई विचारात पडल्या. धर्माचा प्रश्न होता, आणि ज्यांना निर्णय देता आला असता ते मौनात होते. मग त्यांना आठवलं. अभिरामच्या मुंजीच्या वर्षी झाशीला गाडीत बसल्याबरोबर अप्पांनी पोळी-भाजीवर आपोशन घेतलं होतं आणि हात धुतले ते बीन्याला. "म्हणजे मधले दीडशे किलोमीटर आसन चालतच होतं," आई म्हणाल्या. "हे उठले नव्हते. गाडी गेली, त्याला हे काय करणार?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी आकाशाकडे पाहिलं, बीन्याचं स्टेशन डोळ्यांसमोर आणलं असावं, आणि आखूड हुंकार दिला.

इथवर सौरव सौजन्याने ऐकत होता. खुर्ची उचलायची हे कळल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. माणूस कुठेही नेता येतो. खुर्ची नेता येत नाही. जेटीची खुर्ची जेटीच्या यादीत असते. आमराईत ती सापडली तर आमराईत एक जास्त भरते आणि जेटीवर एक कमी, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांना सकाळी जबाब द्यावा लागतो. त्यासाठी गेटपास करावा लागतो. गेटपासवर खुर्चीचा नंबर लागतो. नंबर खुर्चीच्या खाली, बुडाला रंगवलेला असतो.

"फिर कुर्सी पलटकर देख लेते हैं," अभिराम म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

अशा रीतीने विमा कंपनीत विभागप्रमुख असलेला अभिराम मोघे, इस्त्रीच्या शर्टासह, जेटीच्या फळ्यांवर उताणा झोपून आपल्या वडिलांच्या खुर्चीखाली मोबाईलचा दिवा धरून सरकला. गुलाबवालं जोडपं तेवढ्यात आलंच. त्यांनी त्याच्या पायांवरून वळसा घातला आणि पलीकडचं टेबल मागितलं. खालून आवाज आला, जेटी-सात. सौरवने पास लिहून खाली सही केली. खुर्ची जेटी-सात, कारण धार्मिक, परत पावणेनऊला. पासवर घरातल्या जबाबदार माणसाचीही सही लागत होती, म्हणून प्रांजली पळत ऑफिसपर्यंत जाऊन सही करून आली. परतली तेव्हा टेबल पुसलेलं होतं आणि तिच्या कार्डावर पहिला शिक्का उमटलेला होता.

आता उचलायचं कसं. प्रांजलीने नकाशाच्या मागे शिवाजीरावांनी लिहून ठेवलेला त्यांचा नंबर फिरवला. शिवाजीराव पहिल्या घंटेला फोनवर आले, जणू संध्याकाळभर त्याच्याजवळच बसून होते. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. फौजी माणूस. वजन किती, माणसं किती, चढ कुठे, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "चार माणसं, चार कोपरे. आणि एक लक्षात ठेव बेटा, पाऊल मिळवून चालायचं नाही. पाऊल मिळालं की झोका बसतो. मोडून चालायचं, जैसे बाजार में चलते हैं."

अभिराम, सौरव आणि दोन वेटर. प्रत्येकी एक पाय. ध्रुव अप्पांच्या मांडीवर, कारण आपोशन त्यानेही घेतलेलं. खुर्ची वर उचलली गेली, एकदा डावीकडे कलली, आणि मग कोणाचंच पाऊल कोणाशी न मिळाल्यामुळे पाण्यावर सोडल्यासारखी अलगद पुढे निघाली.

प्रांजली मागून चालत होती, पिशव्या, शाली, डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. वाटेच्या दोन्ही बाजूंना बुटके दिवे होते. गवतावर दव उतरू लागलं होतं आणि कुठूनतरी रातराणीचा वास येत होता. समोर, माणसांच्या डोक्यांच्या वर, अप्पांचे पांढरे केस आणि ध्रुवचं कुरळं डोकं आभाळाच्या शेवटच्या उजेडात तरंगत चाललं होतं. तिला वाटलं, आपण हे पूर्वी कधीतरी पाहिलंय. किंवा आपल्याला हे झोपेत दिसतंय आणि आता कुकरची शिट्टी होईल. शिट्टी झाली नाही. फक्त अभिराम दोनदा म्हणाला की त्याच्या कमरेतून कट् आवाज आला.

बघणारे होतेच. इंदूरकडच्या एका बाईंनी सौरवला चालता चालता विचारलं की हे कोणत्या पॅकेजमध्ये येतं. पोहण्याच्या तलावाकाठची मुलं मागे लागली. एका प्रौढ गृहस्थांनी चपला काढून अप्पांच्या पायांशी झेंडूचं फूल ठेवलं. अप्पांनी नको नको म्हणून हात हलवला, तो गृहस्थांना आशीर्वाद वाटला, आणि त्यांनी बायकोलाही बोलावून आणलं. मौन असल्यामुळे खुलासा करायची सोय नव्हती. आमराईत पोचेपर्यंत अप्पांच्या ओटीत सात फुलं, एक नारळ आणि एका परीक्षार्थी मुलाचं पेन जमलं होतं.

आमराईत निखाऱ्यांवर पनीर भाजत होते. प्रांजलीचे तुकडे तिच्या पुढ्यात आले, कडा करपलेले, धूर येणारे. तिने आधी ध्रुवच्या तुकड्यांवरचं तिखट पाण्यात धुतलं. अप्पांनी एक खाल्ला, ध्रुवने एक खाल्ला. अप्पांनी दुसरा, ध्रुवने दुसरा. चौथ्यानंतर त्याने तिच्या बशीकडे बोट दाखवून आखूड हुंकार दिला. वाढा. कोणत्या आईला तिथे थांबवेल. तिने आपले सगळे तुकडे धुतले, आणि तो खात असताना तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी धुराचं आहे असं तिने अभिरामला सांगितलं. सौरवने तिच्या कार्डावर दुसरा शिक्का मारला.

दिवाणखान्याशी अडचण आली ती दाराची. दार नक्षीदार होतं, अरुंद होतं, आणि खुर्ची चार बोटं जास्त भरत होती. खुर्ची तिरकी करावी तर अप्पा तिरके होत होते. प्रांजलीने ओढणीने दार मोजलं, खुर्ची मोजली, परत दार मोजलं. या काळात आत तिचं ताट वाढलं गेल्याचं तिला काचेतून दिसत होतं. शेवटी सौरव म्हणाला की किचनचा दरवाजा रुंद आहे, माल येतो तिथून.

तेव्हा खुर्ची मागच्या बाजूने मुदपाकखान्यात शिरली. तो देखावा प्रांजली पुढे कित्येक दिवस विसरली नाही. सगळीकडे वाफ, वाफेत पिवळे दिवे, तांब्याची भांडी, आणि त्या ढगांतून अप्पा देवळातल्या मूर्तीसारखे सरळ बसून चाललेले. आचाऱ्यांनी झारे खाली ठेवले. एका मोठ्या पातेल्याशी अप्पांनी दोन आखूड हुंकार दिले. आई म्हणाल्या, "मीठ कमी आहे म्हणतात." मुख्य आचाऱ्याने चाखून पाहिलं, गंभीर झाला, आणि मीठ घातलं. नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस त्याने वीस वर्षांत पाहिला नव्हता. अप्पांच्या पानात त्याने स्वतः येऊन तूप वाढलं.

ध्रुवने वरण-भात खाल्ला. मग पुन्हा खाल्ला. मग त्याने वाटी डोक्यावर ठेवून पाहिली. त्याला पाय जमिनीला न लावता उचलून नेऊन, पुसून, बदलून, वाळका सदरा घालून प्रांजली परत आली तेव्हा टेबलावर बडीशेप होती. आठ वाजून गेले होते. तिचं ताट उचललं गेलं होतं आणि तिसरा शिक्का जरा जास्तच ठळक बसला होता.

गच्चीवर नेताना जिना होता. अभिरामने कमरेवर हात ठेवून जिन्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आचाऱ्याला आपली जागा दिली. आचारी आनंदाने आला.

वर मुगाचा हलवा होता. आणि तलाव होता, आता नुसता काळा, त्यात रिझॉर्टचे दिवे उलटे लटकलेले. दूरवर शहराचा उजेड होता आणि त्याच्या कडेला किल्ल्याची सावली. प्रांजली कठड्याशी उभी राहिली. हलवा तिच्या हातात होता. ध्रुवने मांडीवरून हात लांब करताच तो त्याच्या हातात गेला. तीन चमचे खाल्ल्यावर त्याचे डोळे मिटायला लागले आणि तो अप्पांच्या छातीवर कलला. पोट इतकं टम्म की सदऱ्याचं शेवटचं बटण ताणलेलं. प्रांजलीने ते हलकेच सोडलं. जमलं, तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला इतकी भूक लागली की तिने कठडा धरला.

सौरवने चौथा शिक्का मारला आणि कार्ड तिच्या हातात देऊन अभिनंदन केलं. "मैडम, आपका डिनर कम्प्लीट।"

तिने कार्ड पाहिलं. चारही चौकोन भरलेले, कुठेही खाडाखोड नाही. कागदोपत्री ती तृप्त होती. पिशवीत ध्रुवच्या डब्याच्या तळाशी घासभर गार मऊ भात उरलाय, हे तिच्या लक्षात आलं आणि उभ्याउभ्याच तिने डबा उघडला.

अप्पांपुढे फुलपात्र ठेवलेलं होतं. शेवटचं आपोशन घेतलं की मौन सुटणार, अप्पा उठणार, खुर्ची परत जेटीवर जाणार. पावणेनऊला वीस मिनिटं होती. सौरव घड्याळ पाहत होता. अप्पांनी फुलपात्र उचललं. मग त्यांची नजर डब्यावर गेली. डब्यावरून प्रांजलीच्या हातातल्या कार्डावर, आणि तिथून तिच्या खुर्चीवर, जिच्यावर गच्चीवर आल्यापासून फक्त पिशव्या बसल्या होत्या. त्यांनी फुलपात्र परत खाली ठेवलं.

सौरवने अदबीने विचारलं की साहेबांचं झालं का. लांब हुंकार. मग त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं आणि एक वेगळाच हुंकार दिला, आखूडही नाही, लांबही नाही. आई चपापल्या. "हा मला नवीन आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी प्रांजलीकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि स्वतःच्या हाताने पिशव्या खाली ठेवल्या.

"पंगतीत तू आहेस ना गं," आई म्हणाल्या. "तू जेवली नाहीस तर हे कसे उठतील? पंगतच उठली नाही."

सौरवने समजावून पाहिलं. कार्डावर शिक्के होते, मॅडमचं जेवण यादीत संपलेलं होतं, संपलेल्या जेवणाची पर्ची परत निघत नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत अप्पा थांबले आणि खुर्चीत आणखी थोडे मागे रेलले. ध्रुव झोपेतच जरा वर सरकला. सौरवने पास काढून वाचला. जेटी-सात, परत पावणेनऊला, खाली त्याची स्वतःची सही. त्या सहीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. ज्या जेवणाची नोंद संपली आहे त्याला ना पर्ची लागते, ना वेळ, ना ठिकाण. ते कुठूनही कुठेही नेता येतं. त्याने जाकीट काढून कठड्यावर टाकलं आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून गेला.

प्रांजली बसली. खुर्चीला पाठ होती, हे तिला बसल्यावर कळलं. अभिराम कमरेला हात लावत आला आणि तिच्या हातातला डबा काढून घेऊन गार भात स्वतः उभ्याने खाऊ लागला. खालच्या वाटेवर एक पांढरा शर्ट दिव्यांतून जेटीकडे पळत जाताना दिसला. थोड्या वेळाने तोच शर्ट संथपणे परत येताना दिसला, दोन्ही हात पुढे, अंगाशी काहीतरी जपून धरलेलं, आणि कोणीतरी शिकवल्यासारखा पाऊल मोडून चालणारा.

सूप तिच्यापुढे ठेवलं गेलं. वर सायीचं वळण, आणि वाफ.

ती चमचा उचलून थांबली. सवयीने तिने ध्रुवकडे पाहिलं. तो झोपला होता. तिने अप्पांकडे पाहिलं. पावणेनऊ झाले होते. अप्पा तळ्याकडे बघत होते. न वळता त्यांनी एक हुंकार दिला, लांब, मऊ. भाषांतर करायला आईंनी तोंड उघडलं.

"कळलं मला," प्रांजली म्हणाली. "सावकाश होऊ दे म्हणताहेत."

पहिल्याच घोटाला तिची जीभ भाजली. ती तशीच बसून राहिली. किती तरी दिवसांनी भाजली होती. जिन्यात पावलं वाजली. घामाघूम झालेला सौरव दारातून विचारत होता की पनीर निखाऱ्यावर आहे, घेऊन येऊ का.

"रुकिए ज़रा," ती म्हणाली. "अभी गरम है."